वेणीला बांधलेली किल्ली

१

संदुकीची किल्ली एनेच्या, म्हणजे सासूच्या, वेणीच्या टोकाला बांधलेली होती, आणि ती सोडायची नाही असा तिचा हुकूम होता. त्यामुळे संदूक उघडायची म्हणजे आधी ती ओढत पलंगापाशी आणायची, मग एनेला कुशीवर वळवायचं, तिची पांढरी बारीक वेणी पुढे घ्यायची आणि वेणीसकट किल्ली कुलपात फिरवायची. केस जरा ओढले गेले की एने म्हणायची, "सावकाश, सूनबाई. अजून मेले नाही मी."

बेर्मेत हे रोज दुपारी करायची. त्याआधी शेगडीतली राख काढून झालेली असे, गाईची धार काढून झालेली असे, ओढ्यावरून चार बादल्या पाणी आलेलं असे, लेक सेझिम शाळेत गेलेली असे. सासूची कूस तर दर दोन तासांनी बदलावी लागे, नाहीतर पाठ सोलून निघायची. एनेची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती आणि वसंतापासून ती पलंगावरून उठली नव्हती.

संदूक उघडली की वाटणी सुरू व्हायची. बेर्मेत एकेक वस्तू सासूच्या हातात द्यायची, एने ती चाचपायची आणि कुणाची ते सांगायची.

"बांगड्या साल्किनच्या. मखमली कोट साल्किनच्या थोरलीचा. हा नमद्याचा गालिचा मशिदीला. चहाचा सामोवार नारीनला राहणाऱ्या भाच्याला, त्याच्या बायकोला नाही, भाच्याला. हे लोकरीचे मोजे, मी गेल्यावर मला धुवायला ज्या येतील त्यांच्यापैकी म्हातारी असेल तिला."

रोज तीच यादी. बेर्मेतला ती पाठ झाली होती. यादीत घर कधीच येत नसे.

रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाचं, म्हणजे एर्मेकचं, बेर्मेतच्या नवऱ्याचं. पण एर्मेक रशियात कामाला गेला त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन यायचा. या शरदात एकदाही आला नव्हता. त्याने तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं, असं गाव म्हणत होतं. तो आला नाही तर घर नणंदेकडे, साल्किनकडे जाणार आणि नणंद ते विकणार, हे बेर्मेतला कुणी सांगायची गरज नव्हती. माहेरी भावाची चार मुलं एका खोलीत झोपत होती. तिथे पाचवी गादी अंथरायला जागा नव्हती, मग दोघी मायलेकींची गोष्टच सोडा. एने तोंडाने सांगेल तेच फक्त मोडता येणार नव्हतं. मरणाऱ्याने चार लोकांसमोर सांगितलेलं या गावात कुणी मोडत नसे.

त्या दुपारी संदूक बंद करून तिने सासूला पुन्हा उताणी केली. एनेने तिचा हात धरला आणि अंगठ्याने तळवा चोळला.

"खरखरीत झाला परत," एने म्हणाली. "सकाळी किती गार होते तुझे हात. बरं वाटलं पाठीला."

सकाळी बेर्मेतने सासूची कूस बदललीच नव्हती. ती शेगडीपाशी बसल्या बसल्या झोपली होती, आणि जाग आली तेव्हा उजाडून गेलं होतं. तेव्हापासून तिच्या मनाला तेच टोचत होतं.

झोपेत केलं असेल, असं तिने ठरवलं. माणूस दमला की झोपेतही कामं करतो.

२

दुसऱ्या दिवशी राख काढलेली होती.

तिसऱ्या दिवशी राख काढलेली होती, बादल्या भरलेल्या होत्या आणि ओली चादर धुऊन दोरीवर टाकलेली होती. थंडीने ती फळीसारखी कडक झाली होती. चिमटे लावले होते ते बेर्मेत लावते तसेच, दोन जवळजवळ आणि एक लांब.

ती दोरीपाशी उभी राहून चादरीकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्या बाह्या चाचपल्या. कोरड्या होत्या. पण शेगडीपाशी तासाभरात बाह्या वाळतातच की. तिला खरं म्हणजे एवढंच वाटलं, की आज एक काम कमी झालं. ती आत गेली आणि एक वाटी चहा बसून प्यायली. गेल्या कित्येक महिन्यांत तिने चहा उभ्यानेच घेतला होता.

दुपारी नणंद आली. साल्किन आली की आधी घराच्या भिंती बघायची, मग आईकडे जायची.

"पत्रा गंजलाय," ती म्हणाली. "आणि तुझ्या जाकिटावर तो इस्त्रीचा डाग अजून आहेच? दुसरं जाकीट नाही का तुला? लोक म्हणतील, आम्हीच देत नाही."

"खांद्यावर तर आहे, ताई. दिसत नाही फारसा."

"मागून दिसतो. मागून सगळं दिसतं." साल्किन आईच्या पलंगाच्या कडेला बसली. "आई, मशिदीतले मोल्दो विचारत होते. सगळं सांगितलंत, घराचं काही बोलला नाहीत म्हणाले."

एनेच्या बोटांत वेणीचं टोक होतं. किल्ली बोटांवर आपटत होती, टिक, टिक.

"शुक्रवारी बोलाव त्यांना," ती म्हणाली. "दोन म्हातारे पण बोलाव. घर मला उचलते तिचं."

"तुम्हाला कोण उचलतं? मी आले की मीसुद्धा उचलते."

"तू उचललंस की माझा खांदा आठवडाभर दुखतो," एने म्हणाली. "मला माहीत आहे कोण उचलते. तिच्या वेणीला मी माझ्या हाताने किल्ली बांधीन. मग तुम्ही भांडत बसा."

साल्किन हसली, पण तिचे ओठच तेवढे हसले. बेर्मेतने मान खाली घातली. अकरा वर्षं ती या घरात होती. सासरच्या थोरांची नावं तिने तोंडाने घ्यायची नाहीत ही रीत तिने पाळली होती, आणि तिचंही नाव इथे कुणी घेत नसे. आज पहिल्यांदा कुणीतरी तिच्याविषयी नीट बोललं होतं. तिचे डोळे भरून आले. मग एकदम सकाळची चादर आठवली आणि ते आपोआप कोरडे झाले.

३

मागच्या खोलीत हिवाळ्यात कुणी जात नसे. तिथे शेगडी नव्हती. रजयांची रास, सफरचंदांच्या पेट्या आणि एनेच्या जिर्तिशचं कापड तिथे असायचं. म्हातारं माणूस गेलं की आलेल्या बायकांना कापडाचे तुकडे वाटतात, ते जिर्तिश. मेलेल्याचं वय आपल्यालाही लाभावं म्हणून बायका तो तुकडा जपून ठेवतात. त्याला कात्री लावत नाहीत, हाताने फाडतात. माणूस जिवंत आहे तोवर मात्र त्या कापडाची घडीसुद्धा मोडत नाहीत. एनेने वीस वर्षं थोडंथोडं करून ते साठवलं होतं, पांढरं, निळं, फुलाफुलांचं.

बुधवारी बेर्मेत अंगणात गोवऱ्या रचत असताना तिला कापड फाटल्याचा आवाज आला.

लांब, एकसारखा आवाज. मग थोडी शांतता. जणू कुणी फाडलेला तुकडा घडी करून बाजूला ठेवत होतं. मग पुन्हा.

वारा असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण दोरीवरची चादर हलत नव्हती.

ती आत गेली. मागच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत श्वासाची वाफ दिसेल इतकी थंडी होती. कापडाचे गठ्ठे जागच्या जागी होते. तिने एकेक उचलून पाहिला, उलगडून पाहिला. सगळे अखंड होते. फक्त जमिनीवर, रजयांच्या राशीपुढे, थोडे पांढरे सुटे दोरे पडले होते. कापड फाडलं की कडेला सुटतात तसे. राशीतली सगळ्यात खालची गादी ओढून अंथरलेली होती आणि मध्यभागी खोलगट झाली होती. तिने त्या खळग्यावर हात ठेवला. गादी गार होती. म्हणजे तिथे कुणी बसलेलं नव्हतं. कुणी बसलं असतं तर ती ऊबदार लागली असती. हा विचार तिला पटला, आणि पटला म्हणून ती बाहेर आली.

शाळेतून सेझिम आली तेव्हा बेर्मेत तिचे केस विंचरायला बसली. वेण्या सकाळच्याच होत्या, पण एकही केस सुटलेला नव्हता. इतक्या घट्ट, इतक्या सारख्या वेण्या बेर्मेतने कधी घातल्या नव्हत्या. सकाळी तर ती गोठ्यात होती. लेक स्वतःच कशातरी बांधून गेली असेल, असं तिला वाटलं होतं.

"कुणी घातल्या गं?"

"तूच," सेझिम म्हणाली. ती सात वर्षांची होती आणि तिला असले प्रश्न आवडत नसत.

"कुठे?"

"मागच्या खोलीत. तिथे थंडी वाजते, आई. उद्या शेगडीपाशी घाल ना." मग तिने विचारलं, "आणि तिथे तू बोलत का नाहीस?"

बेर्मेतने कंगवा खाली ठेवला. ती म्हणाली, "दमते गं मी."

"तिथे नाही दमत," सेझिम म्हणाली.

४

संध्याकाळी एनेला दूध-चहा पाजताना बेर्मेतने ठरवलं होतं, की सांगायचं. एने, सकाळी मी नव्हते. एने, या घरात कुणीतरी आहे. वाक्य तिने मनात दोनदा म्हणून पाहिलं होतं.

एनेने वाटी बाजूला सारली. "सूनबाई, खरं सांग. तू एवढं सगळं कसं करतेस? पहाटे उचलतेस, पाठ पुसतेस, पायांना तेल लावतेस. काल तर माझी नखं काढलीस. साल्किनला जन्मात जमलं नसतं."

नखं. बेर्मेतने सासूच्या हाताकडे पाहिलं. नखं बारीक, गोल काढलेली होती.

"तूच ना?" एने म्हणाली. तिचे पांढरे डोळे छताकडे होते. "मी आंधळी आहे. मला तेवढंच सांग, म्हणजे शुक्रवारी मला घोर राहणार नाही."

शेगडीत गोवरी फुटली. बेर्मेतला गंजलेला पत्रा दिसला, माहेरची ती एक खोली दिसली, भावजयीचा चेहरा दिसला. उद्या राख कुणीतरी काढलेली असेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि खरं सांगायचं तर ते वाईट वाटलं नाही.

"हो, एने," ती म्हणाली. "मीच."

एनेने मान हलवली. मागच्या खोलीत काहीतरी हललं, गादीवर कुणी कूस बदलावी तसं. किंवा सफरचंदांची पेटी असेल. थंडीत लाकूड आवाज करतं.

गुरुवारी बेर्मेतने एकही काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचं नाही असं ठरवलं होतं. तरी ती उठली तेव्हा नान भाजून फडक्यात गुंडाळलेले होते. तिने एक मोडून खाल्ला. चांगला झाला होता. तिच्या हातच्यापेक्षा चांगला. खाता खाता तिला रडू आलं, पण रडायलाही बळ लागतं, ते तिच्याकडे नव्हतं.

दुपारी सासूची कूस बदलायच्या आधी ती अंगणात गेली आणि बादलीवरचा बर्फाचा पापुद्रा फोडून तिने दोन्ही हात पाण्यात धरले. बोटं बधिर होईपर्यंत धरले. मग ते पुसून ती आत आली आणि एनेच्या पाठीखाली घातले.

"आज गार आहेत," एने म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून तिने म्हटलं, "पण कापताहेत."

"थंडी आहे, एने."

"एरवी कापत नाहीत," एने म्हणाली.

५

शुक्रवारी नमाज आटोपून मोल्दो आले. बरोबर दोन म्हातारे होते आणि गावकचेरीतला एक लिहिणारा होता. साल्किनने नवीन रुमाल बांधला होता. सगळे मोठ्या खोलीत पलंगाभोवती बसले.

सून अशा वेळी बाहेर असते. चहा ओतते, बोलावलं की येते. बेर्मेत शेगडीपाशी किटली घेऊन उभी होती. बर्फाची बादली तिने पायापाशी ठेवली होती आणि आळीपाळीने एकेक हात त्यात बुडवत होती. वेणी तिने पुढे घेतली होती, म्हणजे किल्ली बांधताना एनेला चाचपावं लागणार नाही. मोठ्या खोलीच्या दाराला पडदा होता. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बांगड्या साल्किनच्या," एने सांगत होती. "मखमली कोट साल्किनच्या थोरलीचा. नमदा मशिदीला."

"लिहितोय, आजी," लिहिणारा म्हणाला.

"तू लिही नाहीतर नको लिहू. यांनी ऐकलं म्हणजे झालं."

म्हातारे हसले. बेर्मेतलाही हसू आलं. भाचा आला, सामोवार आला, भाच्याच्या बायकोला नाही हे आलं. मोजे आले. मग एने थांबली.

"आता घर," ती म्हणाली. "सूनबाई, ये."

बेर्मेतने हात बादलीतून काढला. पुसायला फडकं घेतलं. दोन क्षण लागले असतील, जास्त नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार वाजलं. ओसरीच्या फळ्यांवरून पावलं गेली. ती तिला नीट ऐकू आली, कारण डावं पाऊल जरा घासत होतं. बेर्मेतचं डावं पाऊल बाळंतपणापासून तसंच घासत असे. पावलं दुसऱ्या दारानं मोठ्या खोलीत गेली आणि थांबली.

"बस, पोरी," मोल्दोंचा आवाज आला. "पलंगाजवळ बस. वेणी पुढे घे. हां."

"हात दे आधी," एने म्हणाली.

बेर्मेत पडद्यापाशी आली होती. एका हातात किटली तशीच होती. तिला ओरडायचं होतं, ताई, बघा तरी कोण आहे. पण मग कुणीतरी विचारलं असतं, पहाटे उचलत कोण होतं. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, की मीच.

"हीच," एने म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. "कापत नाहीत."

पडदा बोटभर बाजूला झाला होता. त्या फटीतून म्हाताऱ्यांच्या पाठी दिसत होत्या, एक टोपी, साल्किनचा नवा रुमाल. आणि पाठींच्या मधून एक खांदा. हिरवं जाकीट, त्यावर तपकिरी इस्त्रीचा डाग. मागून दिसतो, साल्किन म्हणाली होती. मान खाली घातलेली होती, सून घालते तेवढीच. काळी वेणी एनेच्या मांडीवर ठेवलेली होती, आणि एनेची आंधळी बोटं तिच्या टोकाला गाठ मारत होती. एक गाठ. मग दुसरी.

बेर्मेतने खांदा वळवून स्वतःकडे पाहिलं. तिच्या अंगावर हिरवं जाकीट होतं, खांद्यावर डाग होता.

आत सगळ्यांनी तळवे वर केले. मोल्दोंनी दुआ म्हटली, सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. लिहिणाऱ्याने काय लिहिलं ते तिला दिसलं नाही. "एर्मेकची बायको," असं तो स्वतःशी पुटपुटत होता.

मग पावलं आली तशी परत गेली. डावं घासत. या वेळी त्यांच्याबरोबर किल्लीही वाजत होती, टिक, टिक.

पडदा सारून मोल्दो बाहेर आले आणि तिच्यासमोर थांबले. त्यांनी तिच्या हातातल्या किटलीकडे पाहिलं, मग तिच्या वेणीच्या टोकाकडे. तिथे काहीच नव्हतं. मग वळून ओसरीच्या टोकाकडे, मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"वय झालं माझं," ते म्हणाले, कुणाची तरी माफी मागावी तसं. चहा न घेता त्यांनी घाईने बूट चढवले. म्हातारेही त्यांच्यामागून गेले. साल्किन सगळ्यांत शेवटी निघाली. तिने कुणाचाच निरोप घेतला नाही, फक्त जाताना रुमाल सोडून परत बांधला, आणि तिला तो नीट बांधता येत नव्हता.

६

बर्फ पडायला लागला होता. फाटक वाजलं आणि घर शांत झालं.

घर मिळालं होतं. आता साल्किन ते विकू शकणार नव्हती, एर्मेक आला काय, न आला काय. बेर्मेत हे स्वतःला सांगत शेगडीपाशी उभी राहिली. किटली तिच्या हातात थंड झाली होती, आणि हात मात्र हळूहळू ऊबदार, खरखरीत, नेहमीसारखे झाले होते.

"सूनबाई," आतून एने म्हणाली. "कूस बदल गं."

बेर्मेतने तोंड उघडलं.

"आले, एने," मागच्या खोलीतून उत्तर आलं.

आवाज दमलेला नव्हता. पावलं गेली, पलंग कुरकुरला, एनेने बरं वाटल्याचा उसासा टाकला. किल्ली वाजत राहिली, कुणी वाकून काम करताना वाजते तशी.

बेर्मेत खाली बसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी हाक मारत नव्हतं. आता उठायला हवं, हे तिला कळत होतं. पण पाय जड झाले होते आणि शेगडीची ऊब चांगली होती. थोडं बसून उठू, असं तिला वाटलं.

सेझिम कोपऱ्यातून उठली. तिच्या केसांची गाठ सुटली होती. तिने फळीवरचा कंगवा घेतला आणि बेर्मेतजवळ आली. बेर्मेतने हात पुढे केला.

सेझिमने त्या हाताभोवतून वळण घेतलं, जमिनीवर ठेवलेल्या बादलीभोवतून घेतात तसं, आणि पडदा सारून ती किल्लीच्या आवाजाकडे गेली.